पायाखालची वाट

बीडमध्ये कोणाकडे पाहुणे आले आणि "कुठेतरी फिरायला घेऊन चला" म्हणाले, की घरात गाडी ठरवण्याची बोलणी सुरू होतात. खुलताबादला जाऊ, वेरूळ बघू, दौलताबादचा किल्ला चढू, नाहीतर पाणचक्कीवर बसून येऊ. एवढ्या लांब कशाला, इथेच काही नाही का, असे एखाद्या पाहुण्याने विचारलेच, तर आपण हसून म्हणतो, "बीडमें क्या रक्ख्या है!" हे वाक्य आपली मुले लहानपणापासून ऐकतात. मोठी होऊन पुण्याला शिकायला गेली आणि कोणी गाव विचारले, की ती जरा दबक्या आवाजात बीडचे नाव सांगतात. दुष्काळ, ऊसतोडीला जाणारे लोक आणि वर्तमानपत्रातील वाईट बातम्या एवढीच आपल्या जिल्ह्याची ओळख, असे त्यांनाही वाटू लागलेले असते.

आम्ही पाच जणी गेल्या दोन वर्षांपासून दर रविवारी फजरच्या नमाजनंतर बीड शहर पायी फिरतो. आमच्यात दोन शिक्षिका आहेत, एक अंगणवाडी सेविका आहे, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एक भाभी आहेत आणि साठी ओलांडलेल्या एक खाला आहेत. खालांना डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितले होते. एकट्याने चालायला त्यांना संकोच वाटे, म्हणून आम्ही सोबत निघालो. पण चालण्याला खरी दिशा मिळाली ती शाळेतील एका साध्या उपक्रमामुळे.

आम्ही दोघी शिकवतो त्या शाळेत आठवीच्या मुला-मुलींना घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला होता. मुलांच्या नकाशांत गल्ल्या होत्या, सायकलचे दुकान होते, क्रिकेटचे मैदान होते, नदी आणि पूल होता. बहुतेक मुलींच्या नकाशांत एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला शाळा आणि मध्ये एक सरळ रेघ होती. एकीने त्या रेघेवर ऑटो काढला होता. बिंदुसरा नदी त्या रोज ओलांडत होत्या, पण ऑटोच्या पडद्यामागून. वर्गातील मुली हुशार होत्या, पाठांतरात मुलांच्या पुढे होत्या. मात्र ज्या शहरात त्यांचा जन्म झाला, त्या शहरात कोणता रस्ता कुठे निघतो हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या आयांनाही ठाऊक नव्हते.

त्यानंतर आम्ही रविवारच्या चालण्याचे तीन रस्ते ठरवले: एक जुन्या शहराचा, एक पूर्वेच्या टेकड्यांचा आणि एक शहराबाहेरच्या खजाना बावडीचा. मुली आणि त्यांच्या आयांनाही बोलावले. सुरुवातीला ज्या अडचणी सांगितल्या गेल्या त्या सगळ्यांना माहीत आहेत. "लोगां क्या बोलेंगे" ही पहिली. कुत्री मागे लागतील ही दुसरी. चालायचेच असेल तर गच्चीवर चाला, हा सल्लाही मिळाला. आम्ही वाद घातला नाही. तासाभरात परत येऊ एवढे सांगून निघालो आणि तासाभरात परत आलो. चार रविवारांनंतर विचारणा कमी झाली.

जुन्या शहराचा रस्ता किल्ला भागातून सुरू होतो. येथील जामा मशीद जहांगीर बादशहाच्या काळात जानसिपार खान यांनी हिजरी १०३६ मध्ये बांधली. हिजरीचे इसवी सन कसे काढायचे ते आम्ही मुलींना रस्त्यातच शिकवले. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणायचे आणि त्यात ६२२ मिळवायचे. अगदी दिवसाचा हिशेब त्यातून निघत नाही, पण वर्ष साधारण बरोबर येते. मुलींनी वहीत गुणाकार केला आणि १६२७ हे उत्तर आले. जहांगीर बादशहाचे निधनही त्याच साली झाले. घरातील पुरुष जुम्याला ज्या मशिदीत जातात ती जवळजवळ चारशे वर्षांची आहे, हे त्या दिवशी अनेक मुलींना पहिल्यांदा कळले.

बीडला एके काळी तटबंदी होती. तिच्या बहुतेक वेशी गेल्या, थोड्या उरल्या. मिल्लिया कॉलेजजवळ, राजगल्लीत, बशीरगंजात आणि कोतवालीकडे त्या आजही दिसतात. ऑटोतून जाताना वेस म्हणजे गर्दी आणि हॉर्न. पायी गेल्यावर कमानीखाली थांबता येते, वर मान करता येते. दगड एकमेकांत कसे बसवलेत ते दिसते. कमानीला खिळे मारून लटकवलेले फलकही दिसतात. एका मुलीने विचारले, "मॅडम, रात्री वेस बंद करत असतील, तेव्हा कोणी बाहेर राहिले तर?" इतिहासाच्या पुस्तकात तटबंदीचा धडा आम्ही अनेकदा शिकवला आहे, पण वर्गात हा प्रश्न कधी आला नव्हता.

पुढे बिंदुसरा लागते. बालाघाटाच्या डोंगरातून येणारी ही नदी शहराच्या मधून वाहते आणि पुढे सिंदफणेला मिळते. सिंदफणा गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात पात्र पाहून ही नदी आहे असे सांगावे लागते. पण आमच्यातील ज्या चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांना २३ जुलै १९८९ चा दिवस पक्का आठवतो. त्या दिवशी नदीला आलेल्या पुराने काठावरच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, माणसे गेली. भाभींनी पुलावर उभे राहून पाणी कुठपर्यंत आले होते ते हाताने दाखवले. मुली बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिल्या. कोरड्या दिसणाऱ्या नदीला आपली जागा आठवत असते, म्हणून पात्रात घरे बांधू नयेत, हा भूगोलाचा धडा त्यांना पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

याच फेरीत आम्ही कंकालेश्वराचे मंदिरही बाहेरून पाहतो. शहरातील सर्वांत जुनी म्हणता येईल अशी ही काळ्या दगडाची इमारत चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे. महाशिवरात्रीला येथे जत्रा भरते. पहिल्यांदा आम्ही काठावर उभ्या होतो, तेव्हा तेथे आलेल्या एका आजींनी आम्हांला बुरख्यात पाहून आपुलकीने विचारले, "कुठल्या गं तुम्ही?" आम्ही म्हणालो, "इथल्याच." त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं कुठं होत्या?" हा टोमणा नव्हता, साधा प्रश्न होता. त्यावर खाला म्हणाल्या, "घरातच होतो की, माय." दोघी हसल्या आणि मग गुडघेदुखीवर बोलत बसल्या.

दुसरा रस्ता पूर्वेच्या उंचवट्याकडे जातो. औरंगजेबाच्या काळात बीडचा कारभार पाहणाऱ्या हाजी सदर शाह यांनी १७०२ मध्ये येथे ईदगाह बांधला आणि पूर्वेकडील उंच भागात नवी वस्ती वसवली. घरातील पुरुष वर्षातून दोनदा ईदगाहावर जातात, आम्ही त्या दिवशी शीरखुर्मा आटवत असतो. पुढे शहिन्शाह वली यांचा दर्गा आहे. चिश्ती परंपरेतील हे बुजुर्ग मुहम्मद तुघलकाच्या काळात, चौदाव्या शतकात बीडला आले. दर्ग्याचा परिसर १३८५ पासून १८४० पर्यंत वेगवेगळ्या काळात बांधला गेला. रबीउल अव्वलच्या दुसऱ्या तारखेला येथे उर्स भरतो. उर्साच्या गर्दीत आम्ही सगळ्या कधी ना कधी येथे आलो होतो. पण रविवारी सकाळी, गर्दी नसताना, सूर्य पाठीमागून वर येतो आणि समोर सगळे बीड उजेडात येत जाते, ते दृश्य वेगळेच असते. आपली गल्ली कुठे, शाळा कुठे, नदी कुठून वळते, हे मुली बोट करून एकमेकींना दाखवतात.

तुघलकाचे नाव निघाले की मुली दाताची गोष्ट सांगायला लावतात. बीडच्या मुक्कामात सुलतानाचा दात दुखू लागला, तो काढावा लागला आणि त्याने त्या दाताची कबर बांधून घेतली, असे फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. दिल्लीच्या सुलतानाच्या आठवणीसाठी आपल्या जिल्ह्यात त्याचा दात आहे, हे ऐकून वर्गात दोन दिवस हसणे चालू होते. पण त्या हसण्यामुळे तुघलकाचे शतक सगळ्यांच्या लक्षात राहिले.

याच पूर्वेच्या टेकड्यांवर खंडोबाचे मंदिर आहे. त्याच्या समोर दोन अष्टकोनी दीपमाळा आहेत. त्या सुमारे सत्तर फूट उंच असून त्यांवर माणसे आणि प्राणी कोरलेले आहेत. हे काम सुलतानजी निंबाळकरांनी केले असे काही सांगतात, काही महादजी शिंद्यांचे नाव घेतात. शहराच्या पूर्व भागातच मन्सूरशाह यांचा दर्गा आहे. सुहरवर्दी परंपरेतील या बुजुर्गांना महादजी शिंदे गुरुस्थानी मानत. पानिपतानंतर मराठ्यांची सत्ता उत्तरेत पुन्हा उभी करणारा आणि दिल्लीच्या बादशहाला गादीवर बसवणारा हा सेनापती बीडच्या एका सूफीपुढे मान झुकवत असे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात मन्सूरशाहांचे नाव आजही आदराने घेतले जाते. भाभी कधीतरी म्हणाल्या, "टीव्हीवर हिंदू-मुसलमान म्हणून जे ओरडतात, त्यांना एक रविवार आपल्यासोबत आणायला पाहिजे." टेकडीवर याहून मोठे भाषण आम्ही कोणी केले नाही.

तिसरा रस्ता लांबचा आहे. खजाना बावडी शहराच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर आहे. तेथे आम्ही जाताना पायी आणि येताना ऑटोने येतो. निजामशाहीत मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडचे जहागीरदार असलेल्या सलाबतखान यांनी ही विहीर हिजरी ९९१ मध्ये बांधली. आपल्या गुणाकाराने हे वर्ष १५८३ येते. हे काम राजा भास्कर या जाणकाराने केले असे सांगतात. जमिनीखालून खोदलेल्या नहरींतून विहिरीत पाणी येते आणि नहरीतूनच ते दूरच्या शेतांपर्यंत जाते. मोट नाही, पंप नाही, केवळ जमिनीच्या उताराचा हिशेब. दुष्काळातही तिची पाण्याची पातळी टिकून राहते, ही तिची ख्याती. सरकारी खजिना पाण्यासाठी खर्च झाला म्हणून तिचे नाव खजाना, असे लोक सांगतात. ज्या जिल्ह्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन धावणे मुलींच्या नशिबी येते, तेथे हा खर्च कोणी वाया गेला म्हणणार नाही. याच सलाबतखान यांची कबर अहमदनगरच्या पूर्वेला, पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर आहे. त्या तीन मजली इमारतीला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. बीडला पाणी देणारा माणूस तेथे दुसऱ्याच्या नावाखाली झोपलेला आहे, हे कळल्यावर एका मुलीला फार वाईट वाटले.

जुने शहर आणि शेजारची टेकडी पायी फिरणे ही काही आमचीच कल्पना नाही. इटलीत बोलोन्या नावाचे जुने शहर आहे. तेथे १२८८ मध्येच शहराने नियम केला की नवे घर बांधणाऱ्याने रस्त्याच्या बाजूला छत असलेली ओसरी ठेवावी. जागा मालकाची, पण चालायला सगळ्यांना मोकळी. अशा ओसऱ्या एकमेकींना जोडत गेल्या. शहरातून टेकडीवरच्या प्रार्थनास्थळाकडे जाणाऱ्या वाटेवरही अशीच छताची वाट आहे. जवळजवळ चार किलोमीटर लांब आणि ६६६ कमानींची ही वाट ऊन-पावसात चालणाऱ्यांसाठी बांधली गेली. या ओसऱ्यांना २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. हे वाचताना आम्हांला आपल्या जुन्या गल्ल्यांतील ओटे आठवले. त्या ओट्यांवर कोणीही टेकावे, पाणी मागावे, असा रिवाज होता. आता ओटे गेले, तेथे गाड्या उभ्या राहतात. पायी चालणाऱ्याचा विचार करून शहर बांधता येते. आपल्याकडे तो विचार होता, फक्त कोणी कायद्यात लिहिला नव्हता.

अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. तिन्ही रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृहाची नीट सोय नाही, म्हणून आम्ही निघण्यापूर्वी पाणी बेताने पितो. शुगर असलेल्या बाईला हे बरे नाही, म्हणून खालांसाठी मधल्या वाटेवरच्या ओळखीच्या दोन घरांशी बोलून ठेवले आहे. चपला घालून टेकडी चढता येत नाही, बूटच लागतात. बुरख्याखाली बूट पाहून पहिल्या दिवशी गल्लीतील पोरे हसली, दुसऱ्या दिवशी त्यांनाच सवय झाली. परतीच्या वाटेवर आम्ही एका हॉटेलात चहा घेतो. पहिल्यांदा गेलो, तेव्हा मालक काका गोंधळले. आत बसलेले सगळे पुरुष होते. मग त्यांनी बाहेर एक बाकडे आणून ठेवले, फडक्याने पुसले आणि विचारले, "शक्कर किती?" आता रविवारी ते बाकडे आमच्यासाठी मोकळे असते.

इतिहास, आरोग्य, मोकळी हवा हे सगळे फायदे आहेतच. पण या चालण्याची किंमत आम्हांला गेल्या जूनमध्ये कळली. दहावीला चांगले गुण मिळालेल्या एका मुलीला नदीपलीकडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. घरी बैठक झाली. सोडायला-आणायला कोणी नाही, ऑटोचा महिन्याचा खर्च परवडत नाही, रस्ता लांब आहे, तेव्हा शिवणक्लास लावू आणि बाहेरून बारावी करू, असे ठरत आले. वडील वाईट माणूस नव्हते. त्यांना भीती होती आणि खर्चाची काळजी होती. तेव्हा आतापर्यंत दाराआड बसलेली त्या मुलीची आई म्हणाली, "रस्ता लांब नाही. मी चालून आलेय. पंचवीस मिनिटं लागतात. कुठं गर्दी असते, कुठं नसते, मला माहीत आहे. पहिले आठ दिवस मी सोबत जाते." ती वर्षभर आमच्यासोबत रविवारी येत होती.

त्या बैठकीत आम्ही नव्हतो. तिने नंतर सांगितले तेव्हा कळले. घरात तिच्या मताला या आधी फारसे वजन नव्हते, कारण बाहेरच्या जगाबद्दल तिला काही माहीत आहे असे कोणी मानत नव्हते. त्या दिवशी त्या खोलीत तो रस्ता पायी चाललेली ती एकटीच होती. बाकीच्यांना तो मोटारसायकलवरून माहीत होता. मुलीचा प्रवेश झाला. आठ दिवस आई सोबत गेली. नवव्या दिवसापासून मुलगी आणि गल्लीतील आणखी दोघी मिळून जाऊ लागल्या.

पृथ्वीवर फिरावे, आपल्या आधी होऊन गेलेल्यांच्या खुणा पाहाव्यात आणि त्यातून शिकावे, याकडे कुरआनाने वारंवार लक्ष वेधले आहे. आपण याचा अर्थ लांबचा प्रवास असाच घेतो. त्यासाठी पैसे लागतात, रजा लागते, पुरुषांची सोबत लागते. पण आपल्या उंबरठ्यापासून मैलभर अंतरावरही आधीच्या लोकांनी वेशी, विहिरी, मशिदी, मंदिरे आणि कबरी ठेवल्या आहेत. त्यांच्याकडे रोज कोणीतरी बघत असेल, तर एक दगड निखळला तरी कोणाच्या तरी लक्षात येईल. कोणीच बघत नसेल, तर सगळी भिंत गेली तरी कळणार नाही.

आपण अंबाजोगाईत राहत असाल, धारूरला किल्ल्याच्या पायथ्याशी राहत असाल, उदगीर, औसा किंवा कंधारला असाल, तर आपल्याकडेही अशी वाट आहेच. तीन-चार जणी मिळून निघा. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाहून जास्त चालू नका. घरातील एखाद्या थोरल्या बाईला सोबत घ्या, कारण जुन्या गोष्टी तिलाच माहीत असतात आणि ती सोबत असली की घरचे प्रश्न कमी विचारतात. मुलींच्या हातात वही द्या. रस्त्याची नावे, लागलेला वेळ, रात्री दिवे असतात की नाही, दवाखाना कुठे, पोलीस चौकी कुठे, हे सगळे त्यांना लिहू द्या. इमारतीचे साल नंतर शोधता येते. रमजानमध्ये आम्ही फजरऐवजी असरनंतर थोडेच चालतो आणि इफ्तारीच्या आत घरी येतो.

येत्या रविवारी खजाना बावडीची फेरी आहे. खालांनी यावेळी जाताना आणि येताना दोन्ही वेळा पायीच येणार असे जाहीर केले आहे. आम्ही ऑटोवाल्याचा नंबर जवळ ठेवला आहे, पण ते त्यांना सांगितलेले नाही.